मिखाबाबाचा दहावा

जालन्याच्या फिल्म सोसायटीत सिनेमा संपला की दिवे लागायच्या आत लोक चपला शोधायला लागत. सिनेमा इराणचा असो, जपानचा असो की आणखी कुठला, चपलांची घाई तीच. साधना मग पडद्यापुढे येऊन उभी राहायची आणि विचारायची, "बोला, काय वाटलं?" कुणी म्हणायचं, छान होतं. कुणी म्हणायचं, फोटोग्राफी मस्त होती. तेवढ्यात एकाला आपली चप्पल सापडायची आणि मग सगळ्यांनाच सापडायची.

हा प्रश्न खरं तर साधनाचा नव्हता, तिच्या नवऱ्याचा होता. सोसायटी ओमप्रकाशने काढलेली. बियाण्यांच्या कंपनीत त्याची फिरतीची नोकरी. महिनाभर गावोगाव कपाशीचे प्लॉट बघत हिंडायचं आणि शेवटच्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये पडदा बांधायचा, हा त्याचा छंद म्हणा की येडेपणा म्हणा. सिनेमा पडद्यावर अर्धाच होतो, उरलेला अर्धा बघणाऱ्याच्या तोंडून व्हायचा असतो, असं तो म्हणायचा. म्हणून शो संपला की दोन्ही हात पसरून दारात आडवा उभा राहायचा आणि कुणीतरी दोन शब्द बोलल्याशिवाय कुणाला सोडायचा नाही. लोक हसायचे, चिडायचे, पण बोलायचे. एकदा एक रिक्षावाला इतका बोलला की शेवटी ओमप्रकाशलाच दारातून बाजूला व्हावं लागलं.

तो कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. दवाखान्यातून त्याला परस्पर नेलं. साधनाला गाडीच्या काचेतून एक गुंडाळलेला आकार दिसला, बस. त्याचं गाव वाटूर, जालन्यापासून काही फार लांब नाही; पण तेव्हा शेजारचं घरसुद्धा परदेशात असल्यासारखं होतं. मातीला कुणी आलं नाही. कुणाला येताच आलं नाही. ज्या घरातलं माणूस जातं त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही, भावकी भाकरी बांधून आणते आणि पहिला घास बळंच तोंडात घालते. त्याला कडू घास म्हणतात. साधनाला हे सगळं ठाऊक होतं. संध्याकाळी तिने स्वतःच गॅस पेटवला आणि खिचडी टाकली. मूलबाळ नव्हतं, घरात दुसरं कुणी नव्हतं. ती खिचडी तिने खाल्ली की नाही ते तिला आता आठवत नाही. गॅस पेटवल्याचं मात्र आठवतं, लायटरच्या आवाजासकट.

त्यानंतर सोसायटी तिनेच ओढली. सकाळी शाळेत शिकवायचं, दुपारी वह्या तपासायच्या आणि शेवटच्या रविवारी ओमप्रकाशच्या पद्धतीने पडदा बांधायचा. पण दारात आडवं उभं राहायची तिची काही हिंमत झाली नाही. लोक हळूहळू कमी होत गेले. शो झाल्यावर बोलणारं माणूस एकच उरलं, ते म्हणजे सोसायटीचे सचिव राधेश्याम. बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावाने सज्जन, आणि जागतिक सिनेमावर त्यांनी इतकं वाचलेलं की वाचलेलं सगळं एकाच दमात सांगितल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. ते 'दृश्यभाषा' म्हणाले की पहिली रांग उठायची आणि 'अवकाश' म्हणाले की शेवटची. त्यांना मात्र वाटायचं, लोक विचार करत करत चालले आहेत.

दिवाळीनंतर कार्यकारिणी बसली. राधेश्यामांनीच विषय काढला, आणि हळूच काढला, कारण साधनाला दुखवायचं त्यांच्या मनात नव्हतं. म्हणाले, लोक येत नाहीत, आले तर बोलत नाहीत. ही सोसायटी आहे की एस.टी. स्टँडचं प्रतीक्षालय? प्रोजेक्टर एखाद्या कॉलेजला देऊन टाकू, निदान वापरात राहील. बाकीच्यांनी माना डोलावल्या. साधना म्हणाली, एक शो मला वाटूरला करू द्या. तिथले लोकही काही बोलले नाहीत, तर मी स्वतः प्रोजेक्टर कॉलेजात नेऊन देईन.

कार्यकारिणीच्या दृष्टीने तो एक जुना प्रोजेक्टर होता. साधनाच्या दृष्टीने तसं नव्हतं. ओमप्रकाशचं म्हणून जगात जे काही चालू राहिलं होतं, ते एवढंच होतं: महिन्यातून एकदा त्याचा प्रश्न कुणीतरी मोठ्याने विचारत होतं. तो प्रश्न बंद झाला असता तर ओमप्रकाश दुसऱ्यांदा गेला असता, आणि या खेपेलाही मातीला कुणी नसतं. हे तिने बैठकीत सांगितलं नाही. असल्या गोष्टी बैठकीत सांगायच्या नसतात, इतिवृत्तात त्यांना जागा नसते.

वाटूरला जागेचा प्रश्न अण्णासाहेबांनी सोडवला. ते ओमप्रकाशचे शाळेतले सोबती, फाट्याजवळ त्यांची धान्याची आडत. सोयाबीन निघून गेलेलं, तूर अजून यायची होती, त्यामुळे गोडाऊन रिकामं पडलेलं. शटर खाली ओढलं की भर दुपारी आत काळोख. त्यांनी ताडपत्र्या अंथरल्या, बायकांसाठी एक बाजू वेगळी केली आणि सत्काराची तयारी केली. साधनाने परोपरीने सांगितलं की सिनेमाच्या आधी सत्कार नको. अण्णासाहेब म्हणाले, सत्काराशिवाय कार्यक्रम म्हणजे मीठ नसलेलं वरण. मग नारळ फुटला, साधनाला शाल मिळाली आणि राधेश्यामांना फेटा बांधला गेला. त्यांनी तो भिडेपोटी काढला नाही आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. मागच्या चार-पाच जणांनी अख्खा सिनेमा मान वाकडी करून, फेट्याच्या शेजारून बघितला.

बायकांच्या बाजूला सगळ्यांच्या पुढे द्वारकाबाई बसल्या होत्या. त्या ओमप्रकाशच्या चुलती. त्याची आई तो रांगत होता तेव्हाच वारली, त्यामुळे त्याला खऱ्या अर्थाने द्वारकाबाईंनीच वाढवलेलं. म्हणून तिकडे सासूला म्हणतात तसं साधना त्यांना आत्याबाई म्हणायची. फोनवर बोलणं व्हायचं, पण दोघींनी ओमप्रकाशचं नाव एकमेकींपुढे काढणं कधीच सोडून दिलं होतं. एकीने काढलं तर दुसरीला सोसायचं नाही, हे दोघींनाही माहीत होतं.

सिनेमा साधनाने ओमप्रकाशच्या हार्डडिस्कमधून निवडला होता. त्याने कधीतरी आणून ठेवलेला, दाखवायचा राहून गेलेला. तिने सुरुवातच तेवढी बघितली होती. बोलणं फार थोडं होतं, म्हणजे खालची इंग्रजी अक्षरं वाचता आली नाहीत तरी कुणाचं अडणार नव्हतं, एवढाच तिने हिशोब केला. शो सुरू करताना तिने गोष्ट मराठीत थोडक्यात सांगितली: लांबच्या बर्फाळ डोंगरात मिखा नावाचा म्हातारा आहे, त्याची बायको आहे, एक खेचर आहे. म्हातारा खेचरावर मीठ लादून घाट उतरतो आणि खालच्या गावात विकतो. पुढचं तुम्ही बघा, ती म्हणाली. पुढचं तिलाही माहीत नव्हतं.

पहिला अर्धा तास लोक आपापसात बोलत राहिले. खेचर नर की मादी यावर पुरुषांच्या बाजूला वाद झाला. म्हातारी भाकरीसारखं काहीतरी भाजायला लागली, तेव्हा बायकांनी पीठ कसलं असेल त्यावर खल केला. म्हातारा खोकला की मागून कुणीतरी "याला दवाखान्यात न्या रे" म्हणायचं आणि राधेश्याम फेट्यासकट मागे वळून शूऽऽ करायचे. मग बर्फ पडायला लागला. घाट बंद झाला. एका सकाळी म्हातारा उठलाच नाही. म्हातारी खाली निघाली, माणसं बोलवायला. पण अर्ध्या रस्त्यात बर्फात कंबरेपर्यंत रुतली आणि परत फिरली. नवऱ्याला तिने फळीवर बांधलं, एकटीने ओढत नेलं, एकटीने खणलं. एव्हाना गोडाऊनमधला आवाज पूर्ण थांबला होता. म्हातारी घरी आली, अंगावरचा बर्फ झटकला आणि स्वतःच चूल पेटवली. काहीतरी शिजवलं. दोन वाडगे काढले, दोन्ही भरले आणि दाराकडे तोंड करून बसली. सिनेमा तिथेच संपला.

म्हातारीने चूल पेटवली तेव्हाच साधनाला आपल्या गॅसच्या लायटरचा आवाज ऐकू आला होता. ओमप्रकाशने आणून ठेवलेल्या सिनेमात तिची ती संध्याकाळ कशी काय आली, हे तिला कळेना. पण शटर वर गेलं, उजेड आला आणि ती सवयीने उठून पुढे गेली. "बोला, काय वाटलं?" तिने विचारलं.

कुणी बोललं नाही. छान होतं, एवढंसुद्धा कुणी म्हणालं नाही. पुरुषांनी माना खाली घातल्या, बायकांनी तोंडाला पदर लावले आणि सगळे एकेक करून उठले. आता चपलांची घाई नव्हती, पण थांबलंही कुणी नाही. द्वारकाबाई शटरपाशी क्षणभर उभ्या राहिल्या, साधनाकडे बघितलं आणि निघून गेल्या. गोडाऊनमध्ये ताडपत्र्या राहिल्या, आणि नारळाच्या करवंट्या.

परतीच्या वाटेवर राधेश्याम फेटा मांडीवर घेऊन बसले होते. त्या दिवशी त्यांनी दृश्यभाषेचं नावही काढलं नाही. वाईट वाटून घेऊ नका, एवढंच म्हणाले. साधनाने खिडकीबाहेर बघत मान हलवली. प्रोजेक्टर कोणत्या कॉलेजला द्यायचा याचा ती विचार करत होती, म्हणजे तसा विचार करायचा प्रयत्न करत होती.

दोन दिवसांनी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी एक फोटो टाकला. वाटूर फाट्यावर फ्लेक्स लागला होता. एका पुढाऱ्याचा वाढदिवस आणि एका इंग्लिश स्पीकिंग क्लासची जाहिरात यांच्या मधोमध, बर्फाने माखलेली टोपी घातलेला मिखा म्हातारा. एका बाजूला समई, दुसऱ्या बाजूला कमळ. वर ठळक अक्षरात लिहिलेलं: कै. मिखाबाबा यांना भावपूर्ण श्रद्धांजली. खाली: शोकाकुल, समस्त गावकरी मंडळी, वाटूर. आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरात: दशक्रिया विधी, येत्या मंगळवारी सकाळी, अण्णासाहेबांचे गोडाऊन.

ग्रुपवर हसण्याची नुसती लाट आली. ज्यांनी पाच वर्षांत एका सिनेमावर एक ओळ लिहिली नव्हती, त्यांना त्या दिवशी शब्द अपुरे पडले. कुणी विचारलं, तेरावं कधी? कुणी म्हणालं, कैलासवासी कसले, ते तर परदेशवासी. साधनाने फोन उलटा करून टेबलावर ठेवला. तिला रडू आलं नाही, राग आला. तिच्या नवऱ्याच्या गावाने तिची अशी टिंगल करावी? बोलायचं नव्हतं तर नसतं बोललं कुणी. तिने शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मिळेल त्या एस.टी.ने वाटूर गाठलं, फ्लेक्स स्वतःच्या हाताने उतरवायचा या निश्चयाने.

फाट्यावर उतरली तेव्हा एक ट्रकवाला फ्लेक्ससमोर उभा होता. त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला, हात जोडले आणि टपरीवाल्याला विचारलं की हे कुणाचे वडील. टपरीवाल्याने सांगितलं, गावाचेच समजा. साधना ते ऐकून थबकली, पण राग काही एवढ्याने उतरत नाही. ती तशीच बबलूच्या दुकानात शिरली.

बबलू नात्याने तिचा पुतण्या, दोन लेकरांचा बाप. फाट्यावर त्याचं फ्लेक्सचं दुकान. गावातला जन्म, लग्न, निवडणूक आणि मरण सगळं त्याच्या मशिनीतून बाहेर पडायचं. साधनाला बघून तो ताडकन उठला.

"काकू, काही चुकलं का? फोटो बराबर आला न्हाई का?"

"बबलू, तो बोर्ड उतरव," ती म्हणाली. "एवढी चेष्टा करायची होती तर माझ्या तोंडावर करायची होती."

बबलूचा चेहरा पडला. "चेष्टा?" तो म्हणाला. "काकू, चेष्टा बिलकुल न्हाई. आई-शपथ."

मग त्याने सांगितलं ते असं. सिनेमा बघून गाव घरी गेलं ते गप्पच. बबलूच्या घरी त्या दिवशी कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. शेजारीही तीच गत. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतो तर पायरीवर द्वारकाबाई बसलेल्या. फ्लेक्सच्या दुकानाची पायरी त्या जन्मात पहिल्यांदा चढल्या होत्या. म्हणाल्या, त्या म्हाताऱ्याचा बोर्ड लाव. त्याच्या मातीला चार माणसं मिळाली नाहीत, निदान कुणीतरी दुःखात आहे हे तरी चार लोकांना कळू दे. बबलूने लगोलग श्रद्धांजलीचं तयार डिझाइन काढलं आणि त्यात सिनेमा चालू असताना मोबाईलवर काढलेला मिखाचा फोटो बसवला. डिझाइनमध्ये खाली दशक्रियेची ओळ असतेच. ती रिकामी ठेवली तर बोर्ड उघडा दिसतो, म्हणून त्याने हाताला आलं ते भरलं. आपण केलं काय, हे त्याला बोर्ड टांगल्यावर कळलं.

"मंग लोक इचारायला लागले, मंगळवारी किती वाजता यायचं म्हणून. म्या न्हाई कसं म्हणू, काकू? दहाव्याला येऊ नका असं कुनी म्हनतं का?"

साधना स्टुलावर बसली. राग कुठे गेला ते तिला कळलं नाही, पण तो गेला होता. तिने विचारलं, एवढं वाटलं होतं तर रविवारी एकजणही का बोलला नाही? बबलू मशिनीशी चाळा करत राहिला.

"तुमच्यासमोर कोन बोलन, काकू," तो म्हणाला आणि पुढे काहीच बोलला नाही.

फ्लेक्स तिने उतरवला नाही. रात्री राधेश्यामांना फोन करून सांगितलं की मंगळवारी मी वाटूरला चालले आहे. हा काय प्रकार आहे ते बघायलाच हवं, असं म्हणून तेही निघाले. लोक आले तर त्यांची माफी मागायची, हा गैरसमज आहे असं सांगायचं आणि चहा पाजून वाटेला लावायचं, असं साधनाने ठरवलं होतं. शिक्षकाला समजावून सांगायची खोड असते, ती कुठे जाणार.

मंगळवारी गोडाऊनबाहेर चपलांचा ढीग होता. सिनेमाला आले होते त्याहून जास्त लोक आले होते. शेजारच्या गावांतलेही काही होते. त्यांनी सिनेमा बघितलेला नव्हता, बोर्ड वाचून आले होते. बोर्ड वाचून विधीसाठी आलेल्या गुरुजींनी अण्णासाहेबांना विचारून पाहिलं की मयताचं गोत्र काय. अण्णासाहेबांनी त्यांना सांगितलं, विधी वगैरे काही नाही, नुसतं बसायचंय, तुम्हीही बसा. आज नारळ नव्हता, शाल नव्हती, फेटा तर नव्हताच. बसायला येतात तसे लोक भिंतीला टेकून बसले होते, खाली बघत. साधनाने बोलायला तोंड उघडलं, पण द्वारकाबाईंनी हाताने खूण केली, बस. ती बसली. राधेश्याम तिच्या मागे बसले.

मयताघरी बोलणं सुरू होतं ते नेहमी लहानशा गोष्टीवरून. इथे ते खेचरावरून सुरू झालं. एका म्हाताऱ्याने विचारलं, आता त्या खेचराचं कोण बघणार? दुसरा म्हणाला, ती बाईच बघणार, तिच्या हाताला ओळखतं ते, तिने मान थोपटली तेव्हा कान कसे पाडले होते त्याने. ज्यांनी सिनेमा बघितला नव्हता त्यांना ज्यांनी बघितला ते सांगू लागले. कुणी घाट सांगितला, कुणी बर्फ सांगितला. एकाने म्हातारा कसा खोकायचा ते खोकून दाखवलं. मिठाची गोणी लादायच्या आधी म्हातारा ती छातीशी धरायचा, लेकरू धरावं तशी, असं एक बाई म्हणाली. हे साधनाच्या नजरेतूनही सुटलं होतं. मग दोन वाडग्यांवरून वाद लागला. काही म्हणाले, दुसरा वाडगा सवयीने काढला, इतकी वर्षं दोघांचा स्वयंपाक केल्यावर हाताला वळणच पडतं. काही म्हणाले, छे, तो मेलेल्या माणसाच्या नावाने ठेवला. आवाज चढले, एकमेकांचं बोलणं तोडलं गेलं. साधना या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होती. ओमप्रकाश इथे असता तर दारात आडवा उभा राहून त्याने डोळे मिटून घेतले असते, एवढं त्याला बरं वाटलं असतं. राधेश्याम पूर्ण वेळ गप्प होते. या विषयावर त्यांनी वाचलेलं असणार, पण त्या दिवशी ते नुसतं ऐकत राहिले आणि एकदा तर चष्मा काढून पुसला.

"तिनं ताट मेलेल्यासाठी न्हाई मांडलं," द्वारकाबाई म्हणाल्या. त्या मोठ्याने बोलल्या नव्हत्या, तरी वाद थांबला. "दाराकडं तोंड करून बसली होती ती. कुनीतरी येईल म्हनून मांडलं."

मग अण्णासाहेबांनी घसा खाकरला. साधनाकडे न बघता, समोरच्या ताडपत्रीकडे बघत ते बोलले.

"वहिनी, आम्ही निघाल्तो. ओम्या गेल्याचा फोन आला तसे सातआठ जण निघाल्तो. फाट्यावर पोलिसांनी परत लावलं. बांधावरून जाऊन बघितलं, तिकडंबी नाका होता. तुम्हाला कधी सांगितलं न्हाई. पोचलोच न्हाई, तर सांगायचं काय?"

साधनाला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं तिच्या मनात एक रिकामा रस्ता होता आणि त्यावर कुणीच नव्हतं. आता त्यावर सातआठ माणसं उभी राहिली, उन्हात, परत फिरवलेली. तिने तोंडावर हात धरला. रविवारी ही सगळी माणसं का उठून गेली, बबलूला पुढे का बोलता आलं नाही, ते तिला आता नीट समजलं. पडद्यावर त्यांना मिखाची बायको दिसलीच नव्हती. तिच्या जागी साधना दिसली होती, आणि शटर वर गेल्यावर तीच समोर उभी राहून विचारत होती, काय वाटलं.

द्वारकाबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकत, एकीचा खांदा धरत तिच्यापर्यंत आल्या आणि समोर बसल्या. पदराखालून एक फडकं काढून सोडलं. आत ज्वारीची भाकरी होती, वर पिठलं, एक कांदा.

"त्या दिशी बी बांधली होती," त्या म्हणाल्या. "अण्णापाशी दिली होती. ते परत आले, भाकर बी परत आली. मंग गाईला घातली म्या. काय करणार?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला.

"रविवारी तू इचारलं होतंस, काय वाटलं म्हनून," द्वारकाबाई म्हणाल्या. "हे वाटलं." आणि घास तिच्या तोंडाशी धरला.

साधनाने तोंड उघडलं. पिठलं तिखट होतं, गार झालेलं होतं, आणि त्यात तिचं रडणं मिसळलं, त्यामुळे चव काही कळली नाही. पण तिने तो घास चावला आणि गिळला. मग दुसरा. द्वारकाबाई भरवत होत्या आणि स्वतःही रडत होत्या, आणि दोघींनाही कुणी गप्प करायला आलं नाही, कारण या रडण्याला गप्प करायचं नसतं. चौथ्या-पाचव्या घासाला साधनाने त्यांच्या हातातून भाकरी घेतली, तुकडा मोडला आणि त्यांच्या तोंडात घातला. आई होती ती त्याची. तिलाही कुणी भरवलं नव्हतं.

मग बाकीच्या बायकांनीही फडकी सोडली. प्रत्येकीने काही ना काही आणलेलं होतं. न सांगता सवरता सगळ्यांनी तेच केलं होतं. गोडाऊनमध्ये ठेच्याचा आणि पिठल्याचा वास भरला. बाहेरगावचे लोकही जेवायला बसले, आणि जेवताना पुन्हा त्या खेचराचा विषय निघाला. बबलूला कुणीतरी विचारलं की बोर्ड आता उतरवणार का. तो म्हणाला, वर्षश्राद्धापर्यंत राहू द्या, नाहीतरी शेजारच्या पुढाऱ्याचा वाढदिवस दरवर्षी येतोच.

राधेश्याम भाकरीवर पिठलं घेत हळूच साधनाकडे झुकले. म्हणाले, प्रोजेक्टर कॉलेजला देण्याचा ठराव मी मागे घेतोय, आणि माझं ऐकाल तर तो इथेच ठेवू. जालन्याच्या लोकांना बोलायचं असेल तर एस.टी. आहे. अण्णासाहेबांनी ते ऐकलं आणि तूर यायच्या आत आणखी एक सिनेमा होऊ शकतो, असं सांगून टाकलं.

"पुढच्या टायमाला कुनी मरत न्हाई असं आन," द्वारकाबाई नाक पुसत म्हणाल्या. "हसायचं आन. त्याला लई आवडायचं हसायला."

पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याचा विषय काढला होता, आणि साधनाला तो सोसला. हार्डडिस्कमध्ये असा एक सिनेमा आहे, ती म्हणाली, बघताना तो स्वतःच इतका हसायचा की शेजारी दार वाजवायचे. मग तिने तो सिनेमा सांगायला सुरुवात केली. मधेच लोक प्रश्न विचारू लागले, ती उत्तरं देऊ लागली, आणि बाहेर शटरजवळ चपलांचा ढीग तसाच पडून राहिला. कुणालाही आपली चप्पल शोधायची नव्हती.